ऑफिससाठी टीम चॅट निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसातलं बोलणं कुठे व्हावं, हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कारण एवढंच की आजवर तीन वेळा एका ॲपवरचं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या ॲपवर न्यायचं काम माझ्या वाट्याला आलंय. त्यातून माझं एक मत पक्कं झालं, आणि ते पुढच्या बऱ्याच उत्तरांत डोकावेल. आत शिरायला सगळीच ॲपं सोपी असतात. सहा महिन्यांपूर्वीचा मेसेज शोधायची किंवा सामान घेऊन बाहेर पडायची वेळ आली की त्यांची खरी ओळख होते. म्हणून निवडताना तेवढ्या दोनच गोष्टी आधी तपासा. रंगरूप, इमोजी वगैरे नंतर.

व्हॉट्सॲपवर ग्रुप आहेतच की. वेगळं ॲप कशाला?

पाच-सहा माणसं आहेत, रोज समोरासमोर बसता, कागदपत्रं दुसरीकडे नीट ठेवलेली आहेत, तर नकोच. उगाच आणखी एक ॲप वाढवू नका.

माणसं येऊ-जाऊ लागली की अडचण सुरू होते. नोकरी सोडून गेलेल्याला ग्रुपमधून काढलं तरी तोवरचं सगळं बोलणं, फोटो, फायली त्याच्या फोनमध्ये राहतात. नव्या माणसाला मागचं आपोआप दिसत नाही, मग कोणीतरी बसून जुने मेसेज फॉरवर्ड करत राहतं. प्रत्येकाचा खासगी नंबर सगळ्यांकडे जातो. हे अनेकांना खटकतं, विशेषतः बायकांना, पण बोलून कोणी दाखवत नाही. शिवाय त्याच पडद्यावर घरचा ग्रुप, मुलांच्या शाळेचा ग्रुप आणि ऑफिसचा ग्रुप. भलत्या ग्रुपात भलताच मेसेज गेल्याची एक तरी गोष्ट प्रत्येक ऑफिसात असते.

काही धंद्यांत तर बोलण्याची नोंद जपणं कायद्यानेच बंधनकारक असतं. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या १६ कंपन्यांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड केला. कर्मचारी आपापल्या फोनवरून मेसेजिंग ॲपवर कामाचं बोलत होते आणि कंपन्यांनी त्या नोंदी ठेवल्या नव्हत्या, एवढाच गुन्हा.

टीम चॅट आलं की ईमेल बंद होईल का?

नाही. बाहेरच्या लोकांशी पत्रव्यवहार, करार, औपचारिक कळवणी ईमेलवरच राहतात. कमी होतात ते "ठीक आहे", "पाहिलं", "जोडलेली फाइल पुन्हा पाठवतो" असले मेल. तेवढं झालं तरी खूप झालं.

बाजारात नेमकं काय काय आहे?

माझ्या डोक्यात यांची तीन घराणी आहेत.

पहिलं घराणं आयत्या मालाचं, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर चालणारं आणि माणशी दरमहा पैसे घेणारं. यात स्लॅक सगळ्यांत प्रसिद्ध. ते २०१३ मध्ये आलं, तेही एका बुडालेल्या गेमच्या पोटातून. ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम २०१२ मध्ये बंद पडला, तेव्हा तो बनवणाऱ्या टीमने आपापसांत बोलायला जे साधन रचलं होतं त्यालाच नवं रूप देऊन बाजारात आणलं. २०२१ मध्ये ते सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेलं. सौदा जाहीर झाला तेव्हा आकडा सुमारे २७.७ अब्ज डॉलरचा होता. झोहोचं क्लिक याच घराण्यातलं.

दुसरं घराणं जोडीने येणाऱ्यांचं. ऑफिसचं ईमेल आणि कागदपत्रं ज्यांच्याकडे, त्यांचंच चॅट: मायक्रोसॉफ्ट टीम्स आणि गूगल चॅट.

तिसरं घराणं मुक्त सॉफ्टवेअरचं, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्याचं. मॅटरमोस्ट, रॉकेट.चॅट, झूलिप, आणि मॅट्रिक्स या खुल्या पद्धतीवर चालणारं एलिमेंट. ही स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतात, आणि ती जबाबदारी नको असेल तर पैसे देऊन आयती चालवलेलीही मिळतात.

डिस्कॉर्डबद्दलही विचारणा होते. ते गेम खेळणाऱ्यांसाठी २०१५ मध्ये निघालं. आवाजी गप्पांसाठी झकास. पण ऑफिसच्या दृष्टीने तिथे खातं माणसाचं असतं, कंपनीचं नसतं. तिथेच माझ्यापुरता विषय संपतो.

हे सगळं नवं वाटत असेल तर एक गंमत सांगतो. चॅनेल (एका विषयावर सगळ्यांनी बोलायची सामायिक जागा) ही कल्पना आणि त्याच्या नावाआधीची ती # खूण आयआरसी या जुन्या इंटरनेट चॅटमधून आलेली आहे, आणि आयआरसी फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये लिहिलं.

आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचा संच आधीच आहे. टीम्स त्यातच मिळतंय. मग विचार कसला करायचा?

विचार करा, पण बहुधा उत्तर टीम्सच येईल आणि त्यात वावगं काही नाही. फायली तिथेच, कॅलेंडर तिथेच, लॉगिन तेच. माणूस गेला की एक खातं बंद केलं की सगळीकडचं दार बंद. लहान ऑफिसात हा फायदा फार मोठा असतो.

फक्त "फुकट मिळतंय" हे कारण धरू नका. टीम्स असं संचाला जोडून देण्यावरूनच स्लॅकने २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे (युरोपीय संघाच्या कार्यकारी संस्थेकडे) तक्रार केली होती. पुढे मायक्रोसॉफ्टने आधी २०२३ मध्ये युरोपात आणि २०२४ मध्ये जगभर टीम्स वेगळं काढून विकायला सुरुवात केली. तेव्हा तुमच्या प्लॅनमध्ये टीम्स खरंच धरलेलं आहे का, हे बिल उघडून बघा. अनेकांना वाटत असतं की आहे.

माझी टीम्सबद्दलची तक्रार एकच. तिथे प्रत्येक टीममागे फायलींची एक आख्खी साइट तयार होते. कोणालाही टीम काढायची मुभा दिली तर वर्षभरात "प्रकल्प", "प्रकल्प नवीन" आणि "प्रकल्प अंतिम" अशा तीन टीम उभ्या राहतात, आणि फाइल नेमकी चौथीकडे असते. नवी टीम काढायचा हक्क दोन-तीन जणांकडेच ठेवा.

चॅनेल, थ्रेड, टॉपिक: यात खरंच एवढा फरक पडतो का?

सगळ्यांत जास्त फरक इथेच पडतो. विकणारे मात्र याबद्दल सगळ्यांत कमी बोलतात.

सकाळी साडेदहाचं एखादं चॅनेल डोळ्यांसमोर आणा:

"कालचं बिल गेलं का?"
"सर्व्हर परत स्लो झालाय."
"मी उद्या नाहीये."
"हो."
"कोणता, जुना की नवा?"
"अर्धा दिवस की पूर्ण?"
"नवा."

यातलं "हो" कशाला आहे? "नवा" म्हणजे सर्व्हर नवा की बिल नवं? त्या क्षणी हजर असलेल्यांना कळतं. दुपारी दोनला येऊन वाचणाऱ्याला कळत नाही, आणि सहा महिन्यांनी शोधणाऱ्याला तर मुळीच नाही.

यावर थ्रेड हा उपाय. मूळ मेसेजखालीच उत्तर द्यायचं, म्हणजे तो विषय तिथेच राहतो. स्लॅकमध्ये ही सोय २०१७ मध्ये आली. अडचण अशी की थ्रेड ऐच्छिक असतो. दहातले सात जण थ्रेडमध्ये बोलतात, तिघे बाहेरच उत्तर टाकतात आणि धागा तुटतो. शिवाय थ्रेडच्या पोटात झालेला निर्णय बाहेरच्यांना दिसतच नाही.

झूलिपने हे उलटं केलंय. तिथे चॅनेलमधला प्रत्येक मेसेज कोणत्या तरी टॉपिकखाली जातो, ईमेलच्या विषयासारखा. रजेचं रजेत, सर्व्हरचं सर्व्हरमध्ये. वरचे सातही मेसेज तीन ढिगांत आपोआप पडले असते, आणि चुकून भलत्या ढिगात पडलेला मेसेज नंतर हलवता येतो. पहिला आठवडा लोक कुरकुरतात. "एवढंसं विचारायला विषय कशाला लिहायचा?" आमच्याकडेही कुरकुर झाली. महिन्याभराने मात्र रजेवरून परत आलेली माणसं म्हणायला लागली की मागचं वाचून काढणं जमतंय. वेगवेगळ्या वेळांना काम करणारी माणसं असतील तर ही रचना मला सगळ्यांत पटते. सगळे एकाच वेळी हजर असतील आणि बोलणं बरंचसं तत्काळचं असेल, तर साधी चॅनेलं पुरतात.

मोफत प्लॅनवर भागेल का?

आजच्या कामापुरतं भागतं. प्रश्न जुन्याचा आहे. स्लॅकच्या मोफत प्लॅनमध्ये २०२२ पासून फक्त मागच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात, आणि २०२४ पासून एक वर्षाहून जुने मेसेज व फायली कायमच्या पुसल्या जातात. पूर्वी निदान अशी आशा असायची की कधीतरी पैसे भरले की सगळं परत दिसेल. वर्षापलीकडच्या मेसेजांसाठी आता तीही नाही.

याचा फटका कसा बसतो, ते पाहिलेलं सांगतो. एका ठिकाणी ग्राहकाने विचारलं की अहवालातला अमुक रकाना तुम्ही का काढलात. काढला होता तो त्यांच्याच सांगण्यावरून, हे सगळ्यांना आठवत होतं. पण ते बोलणं झालं होतं पाच महिन्यांपूर्वी, मोफत प्लॅनवर. शेवटी आम्हीच माफी मागितली आणि रकाना परत घातला.

मोफतवर राहायचंच असेल तर एक शिस्त लावा: झालेला निर्णय चॅटमध्ये ठेवायचा नाही, त्याच दिवशी तो एका सामायिक डॉक्युमेंटमध्ये तारखेसकट लिहायचा.

शोध चांगला आहे की नाही, हे आधीच कसं ओळखायचं?

विकणारा दाखवतो तो शोध इंग्रजीतला असतो. तुम्ही मराठीत लिहिणार असाल तर मराठीतच तपासा, कारण इथे भल्याभल्यांची विकेट पडते.

पहिली परीक्षा विभक्तीची. एका मेसेजमध्ये "आराखडा तयार आहे" लिहा, दुसऱ्यात "आराखड्यात बदल हवा". आता "आराखडा" शोधा. दोन्ही सापडले तर कमालच. बहुतेक ठिकाणी पहिलाच सापडतो, कारण शब्दाचं मूळ ओळखायची अक्कल या शोधांना इंग्रजीत असते, मराठीत नसते. मग "आराखड" एवढंच टाकून बघा. अर्धवट शब्दावर शोध चालत असेल तर निभावून नेता येतं.

दुसरी परीक्षा त्या आडव्या र ची. "दुसऱ्या" हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्यामागे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटू शकतात. एकाच्या फोनवरून आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून "दुसऱ्या", "तऱ्हा", "सुऱ्या" असे शब्द पाठवा आणि शोधून बघा. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला सापडेना, तर त्यामागे बहुधा हेच असतं.

तिसरी गोष्ट, अर्धी टीम मराठी रोमन लिपीत लिहीत असेल तर कुठल्याही ॲपकडून फार अपेक्षा ठेवू नका. एकच "उद्या" चार जण चार स्पेलिंगांनी लिहितात. तिथे तारीख, व्यक्ती आणि चॅनेल यांची गाळणी लावून शोधता येतं का, तेवढं बघा. "मागच्या मार्चमध्ये, हिशोबाच्या चॅनेलमध्ये, अमक्याने पाठवलेली फाइल" असा शोध जमला की नव्वद टक्के अडचण सुटल्यासारखी वाटते.

स्वतःच्या सर्व्हरवर चालवावं का?

डेटा आपल्या हातात राहतो, हे खरं. फ्रेंच सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मॅट्रिक्सवर उभारलेलं चाप हे ॲप २०१९ मध्ये सुरू केलं; जर्मन सैन्यदलाचं मेसेंजरही मॅट्रिक्सवरच चालतं. पण त्यांच्याकडे ते सांभाळायला माणसं आहेत. तुमच्याकडे कोण आहे?

बसवायला एक दुपार लागते. खरं काम त्यानंतरचं: वेळच्या वेळी अपडेट, रोजचा बॅकअप, आणि तो बॅकअप खरंच परत उभा राहतो का याची अधूनमधून चाचणी. हे सगळं हौसेने करणारा एक जण असतो आणि एक दिवस तो नोकरी बदलतो. निदान दोन माणसांना ही कामं येत असतील तरच या वाटेला जा.

एक बारकावा लोकांच्या लक्षात येत नाही. सर्व्हर तुमचा असला तरी फोनवर वाजणारं नोटिफिकेशन सहसा ॲपल किंवा गूगलच्या यंत्रणेतूनच जातं. गुप्ततेसाठी एवढी खटपट करणार असाल तर नोटिफिकेशनमध्ये मजकूर न दाखवण्याचं सेटिंगही लावा, नाहीतर पुढचं दार बंद आणि खिडकी उघडी.

"एन्क्रिप्टेड आहे" असं सगळेच म्हणतात. म्हणजे सुरक्षित ना?

एन्क्रिप्शन दोन प्रकारचं असतं. बहुतेक ऑफिस चॅटमध्ये मजकूर वाटेत आणि सर्व्हरवर ठेवताना कुलूपबंद असतो, पण किल्ली सेवा देणाऱ्याकडे असते. स्लॅक, टीम्स आणि गूगल चॅटवरचे मेसेज या प्रकारात येतात. दुसऱ्या प्रकारात किल्ली फक्त बोलणाऱ्यांच्या उपकरणांवर असते. एलिमेंट किंवा वायर या ॲपांत ही सोय आहे. मात्र याची किंमत मोजावी लागते. सर्व्हरला मजकूरच कळत नाही म्हणून शोध लंगडा होतो, आणि किल्ली हरवली तर जुनं बोलणंही गेलं.

पण खरं सांगायचं तर घात बहुतेकदा कुलपाने होत नाही, माणसाने होतो. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीत शिरकाव झाला. चोरांनी सांगितलं ते असं: त्यांनी १० डॉलरला चोरीची लॉगिन कुकी (ब्राउझरमध्ये राहणारी लॉगिनची खूण) विकत घेतली, तिच्या जोरावर कंपनीच्या स्लॅकमध्ये शिरले, आणि तिथून आयटी मदतनिसाला मेसेज केला की पार्टीत फोन हरवलाय, लॉगिनचा नवा कोड द्या. मिळाला! चॅटच्या आत दिसणारं नाव म्हणजे ओळखीचा माणूस असं आपण धरून चालतो. त्याचाच हा फायदा.

म्हणून तीन गोष्टी विचारा. दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना सक्तीचं करता येतं का? हरवलेल्या फोनवरचं लॉगिन ॲडमिनला दुरून बंद करता येतं का? ऑफिसच्या एकाच खात्याने सगळीकडे लॉगिन होण्याची सोय कोणत्या प्लॅनपासून मिळते? ही तिसरी सोय बऱ्याच ठिकाणी मुद्दाम महागड्या प्लॅनमध्ये टाकलेली असते, आणि मला ते पटत नाही. सुरक्षा ही चैनीची वस्तू नव्हे.

पासवर्ड चॅटवर पाठवायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो.

साहेब आमचे खासगी मेसेज वाचू शकतात का?

वाचू शकतात असं धरून लिहा. बहुतेक ॲपमध्ये मालकाला एका बटणावर दोघांमधलं बोलणं दिसत नाही, पण वरच्या प्लॅनमध्ये आणि ठरावीक अटींवर सगळा डेटा, खासगी मेसेजसकट, काढता येतो. कोर्टाचा आदेश असेल तर प्रश्नच मिटला. "डायरेक्ट मेसेज" म्हणजे कानात बोलणं नव्हे. पगार, तब्येत, कोणाबद्दलची कुचकट शेरेबाजी तिथे टाकू नका.

मालकांनाही सांगणं आहे: काढता येतं तर ते कधी आणि कोणाच्या परवानगीने काढणार, हे लेखी द्या. न सांगता वाचल्याचं एकदा कळलं की लोक मुकाट्याने व्हॉट्सॲपवर परत जातात, आणि मग तुमच्या हाती काहीच राहत नाही.

ग्राहक, कंत्राटदार अशा बाहेरच्या माणसांना आत घ्यावं का?

पाहुणा म्हणून, एकाच चॅनेलपुरतं, आणि शेवटची तारीख ठरवून. चॅनेलच्या नावातच "बाहेरचे" असा शब्द घाला, म्हणजे लिहिताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर राहील. पाहुण्यांचे पैसे कसे लागतात हे प्रत्येक ॲपमध्ये वेगळं आहे, आधी विचारा.

नोटिफिकेशनने जीव नकोसा झालाय. याला ॲप जबाबदार की आम्ही?

दोघंही, पण आपला वाटा मोठा.

ॲपकडून एवढं हवं: चॅनेलनिहाय म्यूट, ठरलेल्या वेळेनंतर आपोआप शांतता, आणि मेसेज आत्ता लिहून उद्या सकाळी पाठवायची सोय. ही शेवटची सोय साहेब लोकांसाठी आहे. रात्री साडेअकराला सुचलेलं रात्री साडेअकरालाच पाठवलं, आणि खाली "घाई नाही, उद्या बघ" असं लिहिलं, तरी समोरच्याची झोप उडायची ती उडतेच. फ्रान्समध्ये तर कामाच्या वेळेबाहेर संपर्कात नसण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यातच आहे.

आता आपला वाटा. सगळ्यांना एकदम टॅग करायचा हक्क मोठ्या चॅनेलमध्ये थोड्याच जणांना द्या. आणि कृपया "सर, आहात का?" एवढंच लिहून थांबू नका. समोरचा काम सोडून "हो, बोला" लिहितो. मग पडद्यावर "टाइप करत आहे" असे टिंब नाचत राहतात, थांबतात, पुन्हा नाचतात. तो बिचारा ताटकळतो. पाच मिनिटांनी येतं काय, तर "मागच्या महिन्याची हजेरीची फाइल पाठवाल का?" पहिल्याच मेसेजमध्ये हे विचारलं असतं तर फाइल केव्हाच मिळाली असती. ज्यांना थेट मुद्द्यावर येणं उद्धट वाटतं त्यांनी "नमस्कार सर" आणि काम एकाच मेसेजमध्ये लिहावं. आदरही राहतो आणि वेळही वाचतो.

बॉट आणि बाहेरच्या जोडण्या किती घ्याव्यात?

सुरुवातीला कॅलेंडर आणि फायली यांच्या जोडण्या, बस्स. ज्या चॅनेलमध्ये बॉट, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारं यंत्र, बोलतं तिथे हळूहळू माणसं बोलेनाशी होतात. यंत्राच्या सूचनांना वेगळं चॅनेल द्या. मोफत प्लॅनमध्ये जोडण्यांवर मर्यादा असते. स्लॅकमध्ये ती दहाची आहे.

एआयने सारांश मिळतो म्हणतात. त्यासाठी जास्त पैसे द्यावेत का?

तुमचं बोलणं ज्या भाषेत होतं त्याच भाषेतल्या खऱ्या थ्रेडवर आधी तपासा. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी, मध्येच "तेच ते कालचं" असले संदर्भ, यातून सारांश काय काढतो ते बघा. "नको" आणि "नक्की" यांत एकदा जरी गोंधळला तरी मी पैसे देणार नाही.

आमचे मेसेज मॉडेल शिकवायला वापरता का, हेही लेखी विचारा. मे २०२४ मध्ये स्लॅकच्या अटींवरून यावरच गदारोळ झाला होता: ग्राहकांचा डेटा काही मॉडेलसाठी आपसूक धरलेला होता आणि नको असेल तर ईमेल पाठवून कळवावं लागत होतं. मोठी भाषिक मॉडेलं (सारांश लिहिणारं एआय ज्यावर चालतं ती) आपण या डेटावर शिकवत नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला.

चाचणी कशी घ्यायची?

दोनच पर्याय निवडा. पाच घेतलेत तर कोणीच काही नीट वापरत नाही. आयटीवाल्यांवर चाचणी घेऊ नका, त्यांना सगळंच जमतं. जी टीम सगळ्यांत जास्त बोलते आणि जिची माणसं फिरतीवर असतात, ती घ्या. दोन आठवडे खरं काम तिथेच, आणि त्या काळात त्या टीमचा जुना ग्रुप बंद. जुना चालू ठेवून घेतलेली चाचणी म्हणजे पोहायला शिकताना काठ न सोडणं.

या काळात मुद्दाम काही कामं करून बघा. जुन्या, सावकाश फोनवर ॲप उघडायला किती वेळ लागतो? नेटवर्क जाऊन परत आलं तर अर्धवट लिहिलेला मेसेज टिकतो का? नव्या माणसाला आत घेऊन त्याला मागचं दिसतं का? एकाला काढून टाकल्यावर त्याच्या फोनवरचं लॉगिन किती वेळात बंद होतं? शेवटच्या दिवशी "आवडलं का?" असं विचारू नका, सगळे "बरं आहे" म्हणतात. "पहिल्या सोमवारी ठरलेली तारीख शोधून दाखव" असं सांगा आणि घड्याळ लावा.

उद्या हे सोडायचं ठरलं तर?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारणारे मला क्वचित भेटतात. ॲपं बंद पडतात, मोठ्यांचीही पडतात. ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीने जुलै २०१८ मध्ये हिपचॅट आणि स्ट्राइड ही आपली चॅट ॲपं गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती बंद झाली. फेसबुकवाल्या मेटाने मे २०२४ मध्ये वर्कप्लेस या आपल्या ऑफिस ॲपचं तेच सांगितलं. दोन्ही ठिकाणी सूचना मिळाली, मुदत मिळाली, तरी ज्यांनी कधी एक्सपोर्ट करून, म्हणजे सगळा डेटा बाहेर काढून, पाहिलंच नव्हतं त्यांची धांदल उडाली असणार.

म्हणून चाचणीच्या दुसऱ्या आठवड्यात एक्सपोर्टचं बटण दाबा आणि आलेली झिप फाइल उघडा. आत बहुधा चॅनेलनिहाय फोल्डर आणि दिवसाला एक जेसॉन फाइल (प्रोग्रामला वाचता येईल अशा साच्यातला मजकूर) असते. त्यात माणसाचं नाव नसतं, अक्षरं-आकड्यांची खूण असते. कोणती खूण कोणाची हे दुसऱ्या फाइलमध्ये. तीन गोष्टी बघा. खासगी चॅनेलं आली आहेत का? अनेक प्लॅनमध्ये फक्त खुली चॅनेलं येतात. थ्रेडमधली उत्तरं मूळ मेसेजला जोडलेली आहेत का? आणि फायली खरंच आल्या आहेत की नुसत्या लिंका? स्लॅकच्या एक्सपोर्टमध्ये लिंका येतात. खातं बंद होण्याआधी त्या वापरून फायली वेगळ्या उतरवाव्या लागतात. आमच्या दुसऱ्या स्थलांतरात मी नेमका हेच विसरलो होतो. मेसेज सगळे आले, नकाशे आणि सह्या केलेल्या प्रती मागेच राहिल्या, आणि एक सबंध शनिवार लोकांच्या डाउनलोड फोल्डरमधून त्या गोळा करण्यात गेला.

सगळं बसवलं, पण लोक वापरतच नाहीत.

वरचा माणूस अजून व्हॉट्सॲपवर काम सांगत असेल. आधी तिथे बघा. मॅडमनी तिथे विचारलं की सगळे तिथेच उत्तर देतात, त्यात नवल नाही. आमच्या एका मॅडमनी साधा उपाय केला: जुन्या ग्रुपवर कामाचं काही आलं की त्या रागावायच्या नाहीत, फक्त "चॅनेलवर टाक, तिथे उत्तर देते" एवढंच लिहायच्या. आणि खरंच तिथेच द्यायच्या. तीन आठवड्यांत जुन्या ग्रुपवर फक्त वाढदिवस उरले.

दुसरं कारण चॅनेलांची गर्दी. वीस माणसांना चाळीस चॅनेलं दिली तर कुठे लिहायचं हेच कळत नाही. पाच-सहापासून सुरुवात करा. एकाच विषयाची तक्रार तिसऱ्यांदा आली की मग त्याचं वेगळं चॅनेल काढा.

पैसे महिन्याचे भरावेत की वर्षाचे?

पहिले तीन महिने महिन्याचेच, थोडे महाग पडले तरी. वर्षाचे भरताना दोन गोष्टी बघा: मध्येच माणसं कमी झाली तर रक्कम कमी होते का, आणि करार आपोआप पुढे चालू होतो का. होत असेल तर त्याच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, आणि ती एकट्याच्या नको, दोघांच्या.